गावाच्या नावाचा गठ्ठा

"बाई, तुम्ही ज्याला हात लावलाय ना, ते नुसतं कापड नाही. ते शहर आहे."

पडद्यांच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येई. समोरची बाई दचकून हात मागे घेई. मग आमचा विक्रेता, भूगोल, डमास्कचा तागा उचलून काउंटरवर आपटी, दोन-चार वळणे फडफडत उलगडी आणि सांगू लागे, की दमास्कसच्या बाजारात विकला जाई म्हणून हा डमास्क. "मोसुलवरून मस्लिन. जेनोआवरून जीन्स. फ्रान्समध्ये नीम नावाचं गाव आहे, तिथलं ते डेनिम. आपण कापड पांघरत नाही बाई, आपण शहरं पांघरतो."

"मशीनमध्ये धुता येतं का?" बाई विचारी.

या प्रश्नाचा त्याला मनस्वी राग येई. चेहरा असा करी, जणू कोणी देवळात येऊन चपलांचा भाव विचारला. पण उत्तर देई, कारण महिन्याच्या शेवटी पगार दमास्कसहून येत नव्हता.

भूगोल हे अर्थातच त्याचे खरे नाव नव्हे. कापणीच्या टेबलावरच्या कात्रीवाल्याने ते चिडवण्यासाठी ठेवले होते. चिडायचे सोडून याने ते मानपत्रासारखे स्वीकारले. फोनवरसुद्धा "भूगोल बोलतोय" म्हणू लागला. ज्याला टोमणा कळत नाही अशा माणसाचे आपण काय बिघडवणार? कात्रीवाल्याने हात टेकले.

मी त्या दुकानाचे हिशेब पाहतो. पोटमाळ्यावर माझी काचेची केबिन आहे, आणि खाली पाहिले की पडद्यांचे काउंटर नाकासमोर येते. त्यामुळे हे पांडित्य मला नोकरीभर फुकट ऐकावे लागले.

त्याच्या ज्ञानाचा उगम होता एक एजंट. भूगोल तेव्हा तागे उचलणारा पोरगा होता, आणि मिलचे एजंट मालकांची वाट पाहत काउंटरशी ताटकळत बसत. त्यांतला एक वाचणारा होता. वेळ जाईना म्हणून त्याने या पोराला कापडांच्या नावांमागची शहरे सांगितली. जे सांगितले ते बरेचसे खरे होते. पुढे एजंट यायचा बंद झाला, त्याचे ज्ञान मागे राहिले, आणि तेही पुरेना तेव्हा भूगोलाने पदरचे घालायला सुरुवात केली. टेरिकॉट हे इटलीतल्या टेरिको बंदरावरून, असे तो छातीठोकपणे सांगे. टेरिलीन आणि कॉटन जोडून कारखान्यात केलेले ते नाव आहे, हे दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन बसणाऱ्या शिंप्यालाही माहीत होते. लायक्रा हे म्हणे ग्रीसमधले डोंगरावरचे शहर. तिथली माणसे चढउतार करून फार लवचिक झालेली.

एक गोष्ट मात्र त्याची स्वतःची, अस्सल होती. गोष्ट ऐकलेले गिऱ्हाईक भाव करत नाही, हे त्याला कळले होते. मालकांनाही ते कळले, आणि म्हणून टेरिको बंदराला त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

या सगळ्या शहरांपैकी एकही त्याने पाहिलेले नव्हते. त्याला गाडी लागे. सासुरवाडीला जायचे तरी आदल्या दिवसापासून जेवण बंद आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी. गावाची वेस ओलांडली की पांढराफटक पडणारा हा माणूस काउंटरमागे उभा राहिला, की जगातल्या शहरांची लायकी ठरवी. त्याचा नियम सोपा होता: शहराने जगाला कोणता शब्द दिला ते पाहायचे, की शहर कळले. दमास्कस सभ्य. जेनोआ कष्टाळू. फ्रान्समधल्या बायोन गावावरून संगिनीला बायोनेट म्हणतात हे एजंटाने सांगितले होते, तेव्हा ते गाव खुनशी. "तिथला पडदा मी माझ्या काउंटरवर ठेवणार नाही," असे तो बजावी. तिथला पडदा घेऊन कोणी आमच्या दारात उभे नव्हते, ही गोष्ट वेगळी.

आता गठ्ठ्याकडे येतो.

मोसम संपला की आमच्याकडे कटपिसांचा सेल लागतो. वर्षभर उरलेले तुकडे सुतळीने बांधून गठ्ठे करतात आणि एकच भाव लावून विकतात. अट एवढीच, की पैसे देण्याआधी सुतळी सोडायची नाही. वर एक देखणा, भरपूर लांबीचा तुकडा. आत काय असते ते घरी गेल्यावर कळते: डाग पडलेले, उन्हाने विटलेले, उशीच्या अभ्र्यालाही न पुरणारे. वरचा तुकडा कसा घडी करायचा, त्याच्याखालच्या बऱ्या तुकड्याचा एक कोपरा बाहेर कसा डोकावू द्यायचा, म्हणजे आत सगळे असेच असेल असे वाटावे, ही भूगोलाची विद्या. त्यात त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता.

अशा गठ्ठ्याला आमच्या बाजारात एका दुसऱ्या शहराच्या नावावरून शब्द आहे. तो शब्द मी इथे लिहीत नाही, कारण त्या शहरातले दोन-तीन सज्जन व्यापारी माझ्या ओळखीचे आहेत. त्याच्या जागी मी 'तसला' एवढेच लिहितो. वर चांगले आणि आत कुजके, ते तसले. बाजारातून हा शब्द दुकानात आला, दुकानातून घरांत गेला. गोड बोलून काम टाळणारा तसला. पाहुण्यांसमोर लाघवी आणि आत खाष्ट असलेली सून तसली. फसवाफसवी म्हणजे तसलेपणा, आणि ती धंदा म्हणून केली तर तसलेगिरी. त्या शहरातल्या लोकांनी जन्मात आमचे काही वाकडे केले नव्हते, पण आमच्या गावात भांडण त्यांच्या नावाशिवाय पुरे होत नसे.

याचाही उगम भूगोलाकडे तयार होता. एका राजाने राज्याभिषेकासाठी त्या शहरातून रेशमाचा गठ्ठा मागवला. शिंप्याने सोडून पाहिला, तर वर रेशीम आणि आत गोणपाट. राजाने व्यापाऱ्याला भर दरबारात तेच गोणपाट नेसवले. पहिल्यांदा ऐकली तेव्हा गोष्ट एवढीच होती. पुढे तिच्यात राणी आली. मग राणी ते गोणपाट नेसून रडली. मग व्यापाऱ्याचे नाक गेले. राजा कुठला, असे मी एकदा विचारले.

"तुम्ही हिशेबवाले," तो म्हणाला. "तुम्हाला सगळ्याला पावती लागते."

या माणसाला एक मुलगी होती, आणि ती बापावर गेली नव्हती, हे तिचे नशीब.

तिने विणकामाचा अभ्यासक्रम पुरा केला होता. दोन खोल्यांचे घर, खाली सायकल दुरुस्तीचे दुकान. आतल्या खोलीत खिडकीखाली तिने एक छोटा माग बसवला होता. चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, मागावर वीतभर विणून पाहायची, नाही पटली तर उसवायची. पोटापाण्यासाठी ती एका शिलाईच्या दुकानात पँटी आखूड करून देत होती. घराच्या प्रत्येक खिडकीला वेगळा पडदा, सगळे कटपिसांचे. येणाऱ्याजाणाऱ्याला भूगोल त्यांची शहरे दाखवी. "या घरात खिडक्या तीन आणि शहरं पाच," त्याची बायको म्हणे. "पाणी मात्र एकाच नळाला, तेही सकाळी."

आणि त्या मुलीला एका मिलच्या नमुना विभागात जागा मिळण्याची वेळ आली. पुढच्या मोसमाची नक्षी तिथे पहिल्यांदा विणली जाते. पँटी आखूड करणाऱ्या मुलीला असा दरवाजा दुसऱ्यांदा उघडत नाही, हे तिला ठाऊक होते. तिचे नमुने मिलला पसंत पडले होते. राहिले होते ते एकच. नमुना विभागातला माणूस नक्षी बाहेर नेऊन विकू शकतो, म्हणून तिथे प्रमाणपत्रावर कोणाला घेत नाहीत. उमेदवार ज्या गावचा, त्या गावात माल घेणाऱ्या आपल्या ओळखीच्या दुकानाला मिलवाले फोन करतात. दुकान "माणूस आमच्या खात्रीचा" म्हणाले, की जागा पक्की. दुकान अडखळले, की विषय संपला. तिच्या गावात मिलचे ओळखीचे दुकान म्हणजे आमचे.

आणि मिल होती त्या तसल्या शहरात.

मालकांना विचारले तेव्हा त्यांनी हात झटकले. "पडद्यांचा माल तू बघतोस, मुलगी तुझी. फोन आला की तूच बोल," ते भूगोलाला म्हणाले. म्हणजे मुलीचे सगळे पुढचे आयुष्य बापाच्या एका होकारावर येऊन थांबले.

त्याच आठवड्यात वहिनींनी, म्हणजे भूगोलाच्या बायकोने, मला निरोप पाठवला. "भाऊजी, तुम्ही तरी सांगून बघा यांना." गेलो. भूगोल पलंगावर मांडी घालून बसला होता. मुलगी मागाशी पाठमोरी. चहा घेऊन मी कप खाली ठेवतो न ठेवतो तोच तो म्हणाला, "साहेब, तुम्ही मध्ये पडू नका. माझी मुलगी त्या गावी जाणार नाही."

"का पण?"

"का म्हणजे? दुकानात तोंड कसं दाखवू? सगळे म्हणतील, भूगोलाची मुलगी तसली झाली."

"मी कापड विणायला चाललेय, बाबा," मुलगी पाठमोरीच म्हणाली.

"शब्द उगाच पडत नसतो, बाळ. हजारो माणसांचा अनुभव असतो त्याच्यामागं. त्या राजाला..."

"मागच्या वेळी राणीला फसवलं होतं," वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या.

"राणीलाही फसवलं होतं! राजा म्हटला की राणी असणारच."

"असणारच. फक्त मुलीला नोकरी असायला नको."

"तू गप्प बस. तुला यातलं कळत नाही."

मुलगी वळली. तिच्या हातात धोटा होता, तो तिने मांडीवर ठेवला. "बाबा, आपल्याकडे सेलचे गठ्ठे बांधायला त्या गावाहून माणूस येतो का?"

"तो कशाला येईल?"

"मग बांधतं कोण?"

भूगोलाने माझ्याकडे पाहिले. मी कपाकडे पाहिले. कप रिकामा होता.

"बांधतो आम्ही," तो म्हणाला. "पण पद्धत त्यांची."

"म्हणजे हात तुमचे, गिऱ्हाईक तुमचं, पैसा मालकांचा," वहिनी म्हणाल्या, "आणि बदनामी तेवढी त्यांची. सोय चांगली आहे हो."

मला हसू आले आणि ते मी लपवले नाही. भूगोल मात्र चिडला. "हिला अक्कल असती तर मालकांनी हिला दुकानातून घालवलीच नसती," असे मुलीकडे बोट दाखवून म्हणाला. हा जुना राग होता. मागे सुट्टीत मालकांनी कामगारांच्या मुलांना गठ्ठे बांधायला बसवले होते, चार पैसे मिळतील म्हणून. हिने पहिल्याच गठ्ठ्यात सगळ्यात फाटका तुकडा वर ठेवला. का, असे विचारले तर म्हणाली, घेणाऱ्याला दिसायला नको का? मालकांनी तिला लगेच घरी पाठवले. बापाला महिनाभर मान खाली घालून फिरावे लागले. मुलीला घडीही घालता येत नाही, असे तो तेव्हापासून सगळ्यांना सांगत आला होता.

"मी फोनवर स्पष्ट सांगणार आहे," तो म्हणाला. "दुकान खात्री देत नाही."

मुलगी पुन्हा मागाकडे वळली. तिने वाद घातला नाही. वीतभर विणलेले ती सावकाश उसवू लागली. जिन्यावरून उतरताना वहिनी मागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "फोन तुमच्याच खोलीत येतो ना, भाऊजी? जरा लक्ष ठेवा." लक्ष ठेवून मी काय करणार होतो, ते त्यांनाही माहीत नव्हते आणि मलाही नाही.

फोन आला तो भर दुपारी, दुकान गजबजलेले असताना. बाहेरची लाइन एकच, माझ्या केबिनमध्ये. भूगोलाला फोनवर जरा कमी ऐकू येते, म्हणून त्या फोनचा आवाज कायम चढवलेला असतो. त्यामुळे दोन्ही बाजू मला न चोरता ऐकू आल्या.

"नमस्कार. मी मिलच्या नमुना विभागातून बोलतेय. इथली मॅनेजर." आवाज बाईंचा, कामाच्या माणसाचा. "तुमच्या गावची एक मुलगी आम्ही निवडतोय. तुमच्या दुकानाला ती माहीत आहे म्हणाली. कोणाशी बोलू?"

"मीच पडदे विभागाचा प्रमुख," भूगोल म्हणाला. आपण बाप आहोत हे त्याने सांगितले नाही.

"बरं. मुलगी कशी आहे?"

इथे त्याला चार शब्दांत नाही म्हणता आले असते. घरून तो तेवढेच ठरवून आला होता. पण फोनच्या दुसऱ्या टोकाला ऐकणारे माणूस होते आणि उत्तर मिळेपर्यंत ते फोन ठेवू शकत नव्हते. असे गिऱ्हाईक त्याला रोज कुठे मिळते?

"मुलगी ठीक आहे हो. पण बाई, एक सांगू का? प्रश्न तुमच्या गावाचा आहे. तुमच्या गावाच्या नावावरून आमच्याकडे एक शब्द आहे. त्याचा उगम तुम्हाला माहीत नसेल."

मी दोन्ही हात हलवून त्याला थांब म्हणत होतो. त्याला वाटले, मी सांग म्हणतोय. त्याने खुर्ची ओढली, बसला आणि राजापासून सुरुवात केली. राज्याभिषेक झाला. गठ्ठा सुटला. रेशीम निघाले, गोणपाट निघाले. ज्या शहराची बदनामी करायची त्याच शहरातल्या बाईंना, त्यांच्याच पैशाने लावलेल्या फोनवर, तो त्यांच्या नावाची शिवी कशी घडली ते समजावत होता. वर आवाजात कीव. तसला, तसलेपणा, तसलेगिरी, सगळे अर्थ उदाहरणांसकट सांगून झाले. जन्मभर काउंटरमागे उभे राहून माणसाला एवढीही जाण येऊ नये, याचे मला आश्चर्य वाटले नाही. जाण यायला समोरचे माणूस दिसावे लागते. याला कायम फक्त गिऱ्हाईक दिसले.

मग बाई म्हणाल्या, "झालं?"

"तसं झालंच. राणीचा भाग राहिला."

"राहू द्या. आता माझं ऐका. असा गठ्ठा आमच्याकडेही असतो. वर बरा तुकडा, आत चिंध्या. त्याला आमच्या बाजारात काय म्हणतात, माहितीय?"

"काय?"

बाईंनी आमच्या गावाचे नाव घेतले. आम्ही त्यांच्या नावाला जो शेपटा लावतो, तोच त्यांनी आमच्या नावाला लावला, आणि शब्द इतका सहज तोंडातून आला की तो रोजच्या वापरातला आहे हे कळत होते.

"माझ्या आजीच्या तोंडी होता," त्या म्हणाल्या. "सासूबाई तर मला दिवसातून एकदा म्हणायच्याच. आमच्या गोष्टीत राजा नाही हो. तुमच्या गावचा एक दुकानदार आहे. पडदेवाला."

भूगोल उभा राहिला. चेहरा लाल. "हे साफ खोटं आहे! याला आधार काय?"

टेरिको बंदर वसवणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे तरी आधार मागितला.

"तुमच्या राजाला जेवढा आहे तेवढाच," बाई म्हणाल्या. "तो वाद सोडा. मला काम आहे. तुमच्या गावची मुलगी घेतली, तर इथे खालपासून वरपर्यंत सगळे मला हसणार आहेत. हसू देत. मला एकच सांगा, आणि खरं सांगा. या मुलीने असा गठ्ठा कधी बांधलाय?"

हो म्हटले असते तर सगळे त्याच्या मनासारखे झाले असते. फोन संपला असता, मुलगी घरात राहिली असती, दुकानात तोंड दाखवायची अडचण उरली नसती. खोटे बोलायचे त्याला वावडे नव्हते. एका शब्दाचे काम होते. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. आणि मग त्याची मान ताठ झाली. ती मुलीच्या प्रेमाने झाली असे लिहायला मला आवडले असते, पण तसे नव्हते. परगावची एक बाई आपल्या घराला आपल्याच गावाच्या नावाने शिवी देते आहे, एवढेच त्याच्या डोक्यात शिरले होते.

"माझी मुलगी आहे ती!" तो ओरडला. "माझ्या घरात कोणी तसलं नाही! एकदा बसवली होती बांधायला, तर फाटका तुकडा वर ठेवला तिनं! मालकांनी हाकलून दिली!"

खाली काउंटरवरची गिऱ्हाइके वर पाहू लागली. कात्रीवाल्याची कात्री थांबली.

"फाटका वर ठेवला?" बाईंनी विचारले.

"वर! सगळ्यांना दिसेल असा! विचारा कोणालाही!"

पलीकडे बाई हसल्या. चेष्टेने नाही. "मग माणूस खात्रीचं आहे म्हणायचं. पहिल्या तारखेला पाठवा तिला. राहायची सोय आम्ही करू." आणि मग सहज, जाता जाता: "आणि तुमच्याकडे ते गठ्ठे बांधतं कोण हो?"

"लाइन खराब आहे," भूगोल म्हणाला आणि फोन ठेवला.

लाइन उत्तम होती.

त्याने खुर्ची पुन्हा जागेवर सरकवली. आपण काय केले हे त्याला हळूहळू उमजत असावे. मला वाटले, आता मुलीबद्दल काही बोलेल. "आपल्या गावाला असं म्हणतात तिकडं," तो म्हणाला. "लोक किती नीच असतात बघा, साहेब. आपण त्यांचं काय केलं होतं?"

मी त्याच्याकडे पाहिले. तो थट्टा करत नव्हता. हे त्याने मनापासून विचारले होते. मी वह्या पुढे ओढल्या.

संध्याकाळपर्यंत त्याने गोष्ट बसवून घेतली होती. घरी गेला तो पेढे न आणता पण पेढे आणल्याच्या थाटात. "मी शब्द टाकला," त्याने बायकोला सांगितले. "मॅनेजरबाई आढेवेढे घेत होत्या. मी म्हटलं, खात्री माझी." दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात सुया घ्यायच्या निमित्ताने आल्या आणि मला विचारले, खरे काय झाले. मी सांगितले. त्या काउंटरला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"तिला सांगू का?" मी म्हटले.

"तिला कधीच माहितीय. बाईंनी तिला फोन केला होता रात्री." मग डोळे पुसून म्हणाल्या, "असू द्या, भाऊजी. यांना वाटू दे, यांनी पाठवली. ती जातेय ना? माग सुटा करून बांधला पण तिनं."

मुलगी गेली. तिच्या पत्त्यावर तिच्या मागाचे सुटे भाग गेले, आणि आतल्या खोलीची खिडकी मोकळी झाली. काम तिला जमले. पुढल्याच मोसमात त्या मिलचा नवा पडदा आमच्या काउंटरवर आला, आणि त्यातली एक नक्षी तिची होती. निळ्यावर राखाडी, लांबून साधी दिसणारी. मला पडद्यांतले काही कळत नाही, पण ती मला आवडली. भूगोल गिऱ्हाइकांना त्या नक्षीची गोष्ट सांगतो ती अशी: हे शहर पूर्वीपासून कापडासाठी नावाजलेले. एका राजाने राज्याभिषेकासाठी तिथून गठ्ठा मागवला, शिंप्याने सोडला, तर वरपासून खालपर्यंत सगळे रेशीम. राणीच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आले.

जुना शब्द दुकानात बंद झाला. शर्टिंगच्या काउंटरवरच्या बाई एकदा सवयीने "कसलं तसलं गिऱ्हाईक होतं हो" म्हणून गेल्या, तर भूगोल पडद्यांच्या काउंटरवरून कडाडला, "एका आख्ख्या शहराला नावं ठेवायला लाज वाटत नाही?" बाई बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. हा शब्द त्यांना त्यानेच शिकवला होता.

पण सेल दर मोसमात लागतो. गठ्ठे बांधावेच लागतात, आणि ज्या मालाला नाव नाही त्याच्याबद्दल बोलायचे कसे? काही दिवस 'ते गठ्ठे, ते गठ्ठे' असे चालले. गैरसोय होऊ लागली. मग एका दुपारी भूगोल प्रत्येक काउंटरवर जाऊन एका तिसऱ्या गावाचे नाव घेऊन विचारत फिरला: तुमचं तिथं कोणी आहे का? बहीण, मेहुणी, दीर, मुलाचा मित्र? कात्रीवाल्याने नाही म्हटले. शर्टिंगच्या बाईंनी विचार करून नाही म्हटले. मालक म्हणाले, आपला तिथे व्यवहारही नाही. शेवटी जिना चढून तो माझ्याकडे आला. माझेही तिथे कोणी नव्हते.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "त्या गावाचं नाव द्यायला हरकत नाही."

नव्या शब्दाला रुळायला मोसमही लागला नाही. आता वर चांगले आणि आत कुजके असलेले सगळे काही त्या तिसऱ्या गावाचे आहे, आणि आमच्या गावातल्या सासवा सुनांना त्याच नावाने बोलतात. त्या गावचे लोक आपल्या गठ्ठ्यांना कोणाचे नाव देतात, याची चौकशी कोणी केलेली नाही.